बाहेर जाणाऱ्यांची वही

निघालेल्या माणसाला "कुठे?" असं विचारू नये, हे मराठी घरात जन्मलेल्या माणसाला कोणी वेगळं शिकवत नाही. फार तर "लांब निघालात का?" म्हणावं आणि गप्प बसावं. अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या घराचं बेसमेंट भाड्याने घेऊन मला तीनच दिवस झाले होते. सकाळी ऑफिसला जायला जिना चढून वर आले, बूट घालायला वाकले आणि डोक्यावरून आवाज आला, "कुठे?"

मान वर केली तर घरमालक काका. हातात चहाचा मग, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि चष्मा कपाळावर.

"ऑफिसला, काका."

"कोणाकडे?"

"कोणाकडे म्हणजे... मॅनेजरकडे."

"परत कधी?"

"सहा वाजतील."

"मग ठीक आहे. जा."

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये! चाळीस वर्षं सांगतेय मी!"

"चाळीस वर्षांत कोणाचं काही वाईट झालं का?" काका म्हणाले आणि चहाचा मग घेऊन आत गेले.

मी दिवसभर धुमसत होते. नागपूरला माझ्या बापाने मला इतकं कधी विचारलं नव्हतं. पण हळूहळू लक्षात आलं की काका सगळ्यांनाच विचारतात. गळका नळ दुरुस्त करून निघालेल्या प्लंबरला, काकूंना, देवळात निघालेल्या शेजारणीला. आणि उत्तरात त्यांना काडीचाही रस नसायचा. एकदा मी वैतागून "चंद्रावर" म्हणाले, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "परत कधी?" मी म्हटलं, "शुक्रवारी." ते म्हणाले, "मग ठीक आहे." निघणाऱ्याने उंबऱ्यावर क्षणभर थांबावं आणि आपण कुठे चाललोय ते स्वतःशी एकदा म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"आत येणाऱ्याची भीती सगळ्यांना असते," ते म्हणायचे. "त्याच्यासाठी कुलूप आहे, बेल आहे, कॅमेरा आहे. बाहेर जाणाऱ्याकडे कोण बघतं?"

हे वाक्य मी त्या घरात दोन वर्षांत शंभरदा तरी ऐकलं आणि निदान नव्वददा हसले. पुढे या एका वाक्यापायी काकूंचं पंधरा वर्षांचं नाव बुडतंय की राहतंय अशी वेळ आली, आणि त्या वेळी मी चुकीच्या बाजूला उभी होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

काका मूळचे सांगलीचे. तरुणपणी अमेरिकेत आले आणि निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते. त्यांचं काम एकच, पाणी उलटं जाऊ नये म्हणून बसवलेल्या झडपा तपासायच्या. "नळाला पाणी येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं," ते सांगायचे. "ते उलटं जाऊ शकतं, हे शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं." मग उदाहरण. तुम्ही बागेतला पाइप तणनाशकाच्या बादलीत सोडून घरात गेलात. त्याच वेळी गल्लीच्या टोकाला आग लागली आणि बंबवाल्यांनी रस्त्यावरचा मोठा नळ उघडला. दाब उतरला. तुमच्या पाइपाने बादलीतलं सगळं घराच्या नळांत ओढून घेतलं. "आणि थोड्या वेळाने तुम्ही त्याच पाण्याचा चहा करता," असं म्हणून ते समोरच्याच्या चहाच्या कपाकडे बघायचे. समोरचा कप खाली ठेवायचा.

त्यामुळे कोणाच्याही घरी गेले की काका आधी मागच्या अंगणात जायचे. एका बारशाला तर कमालच झाली. बायका पाळणा म्हणत होत्या, बाळाचं नाव कानात सांगायची वेळ आली, आणि नाव सांगणारी आत्याच खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर काका, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून, मुलांच्या प्लास्टिकच्या तलावात उभे होते आणि तलावात सोडलेला पाइप बाहेर काढत होते. परत आल्यावर ओल्या पायांनीच त्यांनी यजमानांना सांगितलं, "बाळाचं नाव छान आहे. पण नळाला झडप नाही." यजमानांनी त्याच आठवड्यात झडप बसवून घेतली, हेही सांगायला हवं.

निवृत्तीनंतर झडपा संपल्या आणि घरात कॉम्प्युटर आला. जेवणाच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर तो ठेवलेला असे. त्याचे नियम देवापेक्षा कडक. दर शनिवारी आंघोळ झाल्यावर काका चोरून हेरगिरी करणारं स्पायवेअर शोधणारा प्रोग्राम लावायचे आणि त्याचं झाडून होईपर्यंत कोणी कीबोर्डला हात लावायचा नाही. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय आत यायचा नाही. त्यासाठी चपलांच्या मांडणीवर एक स्टीलचा डबा ठेवला होता. पाहुण्यांनी चपला खाली काढायच्या आणि पेनड्राइव्ह डब्यात टाकायचे. "सोवळं मी सोडलं आणि यांनी धरलं," काकू म्हणायच्या.

आणि फायरवॉल. ती त्यांनी स्वतः निवडून, स्वतः बसवली होती. तिची सगळी व्यवस्था त्यांनी उलटी करून ठेवली होती. लोक आत येणाऱ्यांना अडवतात, यांनी बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला अडवलं होतं. कॉम्प्युटरमधल्या कुठल्याही प्रोग्रामला इंटरनेटवर जायचं असलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उगवायची, अमुक प्रोग्राम बाहेर जाऊ बघतोय, सोडू का? काकांनी हो म्हटल्याशिवाय तो जागचा हलत नसे.

मी तेव्हा एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. "काका, सीरियसली, राउटरमध्ये ऑलरेडी फायरवॉल असते," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमध्ये पण असते. तुम्ही ही तिसरी लावून सगळं स्लो करून ठेवलंय."

"ती आत येणाऱ्यांसाठी."

"हो, कारण धोका बाहेरून येतो ना!"

"येतो बाहेरून. पण चोरी कधी होते? चोर आत आला तेव्हा? नाही. माल घेऊन बाहेर पडला तेव्हा." मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तू एक्स्पर्ट आहेस. तुला कळायला वेळ लागेल."

चौकटीतून आलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद एका निळ्या पुठ्ठ्याच्या लांब वहीत होई. रकाने चार. कोण, कुठे, कशाला, निकाल. सुंदर अक्षर, फाउंटन पेनाची शाई. प्रिंटरच्या प्रोग्रामपुढे लिहिलं होतं, "घरात बसून छापायचं काम. बाहेर कोणी ओळखीचं नसावं. नाही." पत्त्यांच्या खेळापुढे, "एकट्याने खेळायचा डाव, याला तीन ठिकाणी जायचंय. नाही." हवामानाच्या प्रोग्रामपुढे, "खिडकी आहे. नाही."

निकालही ठरलेले होते. "नाही", "आजच्यापुरतं", "जाऊ दे" आणि सगळ्यात दुर्मिळ, "आपला". "आपला" लागला की त्या प्रोग्रामला पुन्हा कधी विचारायचं नाही. एवढ्या जाड वहीत "आपला" दोनदाच सापडला. एकदा ईमेलपुढे आणि एकदा कॉम्प्युटरच्या घड्याळापुढे. "वेळ विचारायला जातो, विचारतो, लगेच परत येतो. सज्जन आहे," काकांनी सांगितलं. स्पायवेअर शोधणाऱ्या प्रोग्रामलासुद्धा "आजच्यापुरतं"च होतं, कारण पहारेकरी आहे म्हणून त्याला कोणी विचारायचं नाही, असं काही त्यांना मान्य नव्हतं. मी कौतुकाने विचारलं, "आणि काका, मी कुठल्या रकान्यात?"

"आजच्यापुरतं," ते म्हणाले. "भाडेकरू आहेस."

आता काकूंविषयी. काकू लग्नं जुळवत. पैसे घेत नसत, जाहिरात करत नसत. जर्सी सिटीपासून शुगर लँडपर्यंतच्या मराठी घरांमधून मुलामुलींचे बायोडेटा त्यांच्याकडे यायचे आणि त्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये राहायचे. दोनशेच्या आसपास असतील. माझाही होता. माझ्या आईने नागपूरहून, मला न विचारता, परस्पर पाठवला होता. लोक काकूंना एवढी माहिती देत, कारण काकूंचा शब्द. मुलाची नोकरी गेलेली असेल तर काकू सांगत, मुलीचं आधी ठरून मोडलेलं असेल तर तेही सांगत. पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून खोटं गेलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलगी जर्सी सिटीची, मुलगा शुगर लँडचा, दोघांचे आईवडील आपापल्या सोफ्यावर. कॉल काकूंच्या कॉम्प्युटरवरून जोडलेला. काकांनी व्हिडिओच्या प्रोग्रामला परवानगी दिली होती, पण कधी बंद व्हायचं ते घड्याळ लावून. "पाहण्याच्या कार्यक्रमाला चाळीस मिनिटं पुष्कळ झाली," असं स्वतःशीच ठरवून ते पोहायला निघून गेले. काकूंना सांगायचं राहिलं.

चाळिसाव्या मिनिटाला मुलाच्या आईने विचारलं, "लग्नानंतर टेक्सासला येशील ना गं?" मुलगी म्हणाली, "मावशी, मला वाटतं की," आणि सगळ्यांच्या स्क्रीन काळ्या झाल्या.

काकूंनी लगेच शुगर लँडला फोन लावला. "अहो, मशीनमुळे झालं, मुलीने नाही कट केलं," असं परोपरीने सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "जाऊ द्या हो. मध्यस्थाला असंच सांगावं लागतं." काकूंनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. मला काकांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

इथल्या मराठी मंडळात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. अध्यक्ष गोड बोलणारे गृहस्थ होते. "काकू, आता किती दिवस त्रास घेणार?" ते म्हणाले. "सगळी फाइल मला द्या, मी मॉडर्न पद्धतीने माझ्या लॅपटॉपवर ठेवतो, ऑनलाइन करतो." काकूंनी घरी येऊन काकांना सरळ सांगितलं, "येत्या रविवारी हिच्याकडून मी ती फायरवॉल काढून घेणार आहे. ती राहणार असेल, तर माझं काम या घरातून जाईल. मी फोल्डर अध्यक्षांना देऊन मोकळी होईन."

काका वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "रविवारपर्यंत राहू दे?"

"रविवारपर्यंत."

त्या आठवड्यात काकांनी कोणालाही "कुठे?" विचारलं नाही. मी सकाळी बूट घालायची, ते खिडकीपाशी पाठमोरे उभे असायचे. मी निघून जायची. इतके दिवस ज्याचा राग यायचा तेच नसल्यावर घर सुनं वाटायला लागलं. पण फायरवॉल काढून द्यायचं मीच कबूल केलं होतं.

बुधवारी अध्यक्षांनी मंडळाच्या ग्रुपवर एक प्रोग्राम पाठवला. पत्रिका जुळवण्याचा, फुकट, मराठीतून. खाली लिहिलं होतं, "आपणां सर्वांच्या सोयीसाठी." काकू तोवर पंचांग घेऊन हाताने गुण मोजायच्या, एका जोडीला अर्धा तास जायचा. गुरुवारी त्यांनी तो प्रोग्राम उतरवून घेतला. काकांनी त्याच्यावरून स्पायवेअरचा झाडू फिरवला, काही सापडलं नाही. दोन तारखा घातल्या की क्षणात छत्तिसांपैकी किती गुण, नाडी कोणती, गण कोणता, सगळं हजर. काकू खूश होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कॉम्प्युटर आवडला होता.

रविवारी सकाळी मी वर गेले. काकू टेबलाशी बसल्या होत्या. काका उभे होते, वही उघडून.

"काढ," ते म्हणाले. "पण आधी हे पान बघ."

पानावर गुरुवारपासून एकच नोंद पुन्हा पुन्हा होती. कोण, पत्रिकेचा प्रोग्राम. कुठे, गावाचं नाव नाही, नुसते आकडे. कशाला, सांगत नाही. निकाल, नाही. अशा अकरा ओळी.

"अपडेट चेक करत असेल, काका," मी म्हटलं.

"अकरा वेळा? पंचांग त्याच्या पोटात आहे. मी इंटरनेटची वायर काढून पाहिलं, गुण तरीही जुळतात. मग हा बाहेर भेटायला कोणाला जातोय?" त्यांनी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "आणि या दोन वेळेला नाव बदलून आलाय. सज्जन माणूस नाव बदलून दाराशी येत नाही."

मी खुर्ची ओढली. हे खरं म्हणजे मीच आधी बघायला हवं होतं. तो प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये कुठे कुठे फिरतोय ते शोधायला लागले आणि दहा मिनिटांत, कोणी सहसा उघडत नाही अशा एका कोपऱ्यात, एक मोठं गाठोडं सापडलं. गुरुवारी, प्रोग्राम बसवल्यावर सात मिनिटांनी बांधलेलं. उघडलं तर आत काकूंचा सगळा फोल्डर. एकूण एक बायोडेटा. गाठोडं बांधून तयार होतं, फक्त दार उघडायची वाट बघत होतं.

त्यात माझंही नाव होतं. मी ते उघडलं. आपला बायोडेटा कसा असतो ते आठवून बघा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, शाळा, पत्ता, फोन, कुलदैवत आणि खाली ठळक अक्षरांत मामाकुळ. इथल्या माझ्या बँकेने ओळख पटवायला मला तीन प्रश्न विचारून ठेवले होते, आईचं माहेरचं आडनाव काय, जन्म कुठल्या गावी झाला, पहिली शाळा कोणती. तिन्ही उत्तरं माझ्या आईने हौसेने, गणपतीच्या चित्राखाली, छापून दिली होती. माझी एकटीची नाहीत, दोनशे मुलामुलींची. आपण हे गुपित आहे असं मानतच नाही. मामाकुळ लपवलं तर स्थळ मिळेल कसं?

काकूंनी फार हळू आवाजात विचारलं, "किती जणांचं गेलं?"

मी फायरवॉलची नोंद उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली, कारण यावेळी मला एक्स्पर्टसारखं घाईने बोलायचं नव्हतं. अकरा प्रयत्न. अकराही अडवलेले. पाठवलेला मजकूर, शून्य.

"एकाचंही नाही, काकू," मी म्हटलं. "एक अक्षरही बाहेर गेलेलं नाही."

काकूंनी डोळे पुसले. मग काकांकडे बघून नुसतं "अहो" म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या "अहो"ला याआधी इतका मान मिळाला नसेल.

दुसरा कोणी असता तर या क्षणी विनयाने गप्प बसला असता. काका बसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वही दोन्ही हातांत धरली आणि ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. "गुरुवार दुपार, नाही. गुरुवार संध्याकाळ, नाही. शुक्रवार सकाळ, नाही." अकराच्या अकरा. शेवटच्या "नाही"ला त्यांनी पाय आपटला. मी टाळ्या वाजवल्या. काकूही वाजवायला लागल्या, मग वही ठेवून काकाही. देव्हाऱ्याशेजारी आम्ही तिघं अशी टाळ्या वाजवत उभी होतो की शेजारणीला वाटलं आरती चालू आहे, आणि ती प्रसादासाठी दाराशी आली.

मग मी वायर काढली, काकूंचे बायोडेटा तपासून वेगळे घेतले आणि कॉम्प्युटर पूर्ण कोरा केला. पुन्हा सगळं बसवताना पहिला प्रोग्राम घातला तो फायरवॉलचा. मीच घातला. ती काढायला म्हणून मी वर आले होते, याची आठवण काकांनी करून दिली नाही. मला त्याचं फार बरं वाटलं.

मग काकांनी अध्यक्षांना फोन केला. "तुमचा पत्रिकेचा प्रोग्राम बाहेर कुठे जातो, विचारलंत का कधी?"

"म्हणजे काय काका? आय मीन, तो कशाला कुठे जाईल?"

"तुमच्या लॅपटॉपवर पण आहे?"

"सगळ्यात आधी मीच टाकला ना!"

"मग तो परत कधी येणार, तेही विचारून घ्या."

दुपारी अध्यक्ष लॅपटॉप काखेत मारून धापा टाकत हजर. काकांनी त्यांना उंबऱ्यावर थांबवलं आणि चपलांच्या मांडणीकडे बोट दाखवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी बूट काढले, बुटांशेजारी लॅपटॉप ठेवला आणि मोकळ्या हातांनी आत आले. मी तो मांडणीवरच उघडला. त्यांच्याकडे बाहेर जाणाऱ्याला कोणी अडवलं नव्हतं. त्यांच्या दोन मुलांचे बायोडेटा त्याच आठवड्यात, कोणाला न विचारता, निघून गेले होते. काकूंनी आपला फोल्डर एक आठवडा आधी त्यांच्या हवाली केला असता तर काय झालं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. अध्यक्ष भिंतीकडे बघत म्हणाले, "काकू, फाइल तुमच्याकडेच राहू द्या."

त्या माणसाला आम्ही टाकलं नाही. मी त्यांच्या मुलांबरोबर बसून बँकांची सगळी उत्तरं बदलून घेतली, जिथे तक्रार करायची तिथे केली. उत्तरं कशी बदलायची याचं काकांचं स्वतःचं शास्त्र होतं. "बँकेला खरं सांगायचंच नाही," ते म्हणाले. "आईचं माहेर विचारलं तर भाजीचं नाव सांगा. कुठली भाजी ते मलाही सांगू नका." काकू म्हणाल्या, "आणि माझ्या आईला स्वर्गात काय वाटेल?" काका म्हणाले, "सुरक्षित वाटेल."

पुढचे तीन शनिवार-रविवार म्हणजे आमची दिग्विजयाची स्वारी होती. ज्यांनी ज्यांनी तो प्रोग्राम घेतला होता त्या प्रत्येक घरी काका आणि मी गेलो. गाडी काका चालवायचे, वेगमर्यादेच्या आकड्यावर काटा चिकटवून. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, काका आरशात बघून म्हणायचे, "यांना कुठे जायचंय, यांनाच माहीत नाही." घरी पोचलं की आधी मागच्या अंगणातला पाइप, मग कॉम्प्युटर. मी जुनं साफ करून फायरवॉल आणि स्पायवेअरचा झाडू बसवायची. काका नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या अक्षरात चार रकाने आखून द्यायचे. बारशाला त्यांना हसलेली माणसं आता त्यांना वही कुठे मिळते ते विचारत होती. त्यांनीही मान ताठ करून सगळ्यांना सांगितलं. खोटा विनय त्यांच्याकडे नव्हताच.

पण त्यांचं खरं काम राहिलं होतं. एका दुपारी त्यांनी शुगर लँडला स्वतः फोन लावला. काकू हात जोडून "नको, नको" करत होत्या.

"मी काकूंचा नवरा बोलतोय," ते म्हणाले. "त्या दिवशी मुलीने फोन कापला नाही. मी कापला. चाळीस मिनिटांनी बंद होईल असं मी लावून ठेवलं होतं आणि हिला सांगितलं नव्हतं."

"म्हणजे खरंच मशीनचंच होतं?" तिकडून विचारणा झाली.

"मशीनचं नव्हतं. माझं होतं. माझी बायको तुमच्याशी खरं बोलली. तुम्ही तिचं ऐकलं नाहीत, ते चूक केलंत." मग त्यांनी पत्रिकेच्या प्रोग्रामची सगळी हकिकत सांगितली, त्यांच्या मुलाचाही बायोडेटा त्या गाठोड्यात होता, हेही. मग मुलाची आई म्हणाली, "काकूंना द्या जरा फोन." काकूंनी फोन घेतला. पलीकडून त्यांची माफी मागितली जात होती. काकू रडत रडत "असू दे हो, असू दे" म्हणत होत्या, आणि काका वहीत काहीतरी लिहीत होते.

मी नंतर पाहिलं. कोण, व्हिडिओचा प्रोग्राम. कुठे, शुगर लँड आणि जर्सी सिटी. कशाला, शुभकार्य. निकाल, जाऊ दे, लागेल तेवढा वेळ.

दुसऱ्या कॉलला मुलीने तिचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. "मावशी, मला वाटतं की हा प्रश्न त्यालाही विचारा. तो जर्सी सिटीला येईल का?" मुलगा मोठ्याने हसला आणि "येईन की!" म्हणाला. त्याच्या आईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं, पण लग्न झालं. आहेराबरोबर काकांनी जोडप्याला निळ्या पुठ्ठ्याची एक वही दिली.

वर्षभराने मला जर्सी सिटीत नवी नोकरी लागली. निघायच्या सकाळी बॅगा गाडीत ठेवल्या, काकूंनी दही हातावर घातलं, मी देवाला आणि दोघांना नमस्कार केला. काका जाऊन कॉम्प्युटरपाशी बसले. मी बूट घालायला वाकले आणि मुद्दाम नाड्या सावकाश बांधल्या. एक सोडून पुन्हा बांधली. मला तो प्रश्न हवा होता.

"कुठे?"

मी मान वर केली. समोर काकू होत्या. कमरेवर हात ठेवून उभ्या.

"जर्सी सिटीला, काकू."

"कोणाकडे?"

"नव्या ऑफिसकडे."

"परत कधी?"

"गणपतीला," मी म्हटलं.

तेवढ्यात कॉम्प्युटरवरून, मान न वळवता, काका म्हणाले, "अगं, तिला काय विचारतेस? ती आपली आहे. जाऊ दे."

मी "येते" म्हटलं आणि निघाले.